एक बीएचकेत जागा काढणारं फर्निचर: सोलापूरच्या घरात काय चालतं, काय अडतं

फर्निचरच्या दुकानात प्रत्येक वस्तू बंद करून ठेवलेली असते. पलंग खाली टेकलेला, कपाटाची दारं लावलेली, सोफा मिटलेला. विक्रेता माप सांगतो तेही बंद वस्तूचं. घरात मात्र ती दिवसातून चार वेळा उघडावी लागते आणि अडचण तिथेच सुरू होते. म्हणून खाली पाहिलेल्या वस्तूंना एकच कस लावला आहे: वस्तू पूर्ण उघडल्यावर माणसाला उभं राहायला, वाकायला आणि पलीकडे जायला किती जागा उरते. दुसरा कस सोलापूरचा. इथं नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही आणि अनेक घरांत ज्वारी पोत्यानं भरली जाते. या तिन्ही गोष्टी जागा खातात आणि तयार फर्निचरच्या कोणत्याही माहितीपत्रकात त्यांना जागा दाखवलेली नसते.

घर धरलं आहे ते जुळे सोलापूर, विजापूर रोड, बाळे या बाजूला दिसतं तसं, ४०० चौरस फूट कार्पेटच्या आसपासचं. कुंभारीजवळच्या रे नगरसारख्या वसाहतीत हिशेब याहून काटेकोर होतो. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घराच्या कार्पेटची मर्यादाच ३० चौरस मीटर, म्हणजे ३२३ चौरस फूट होती. आणि रेराच्या (घरखरेदीच्या नियमनाचा कायदा) व्याख्येनुसार कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. त्यामुळे करारनाम्यावरच्या आकड्याइतकी फरशी हाती लागत नाही. खोलीचं माप प्लास्टर ते प्लास्टर टेपनं घ्या. तेही तीन उंचींवर, कारण भिंत वर-खाली अर्धा-पाऊण इंच कललेली असणं अगदी नेहमीचं आहे.

पलंगाची रुंदी आधी ठरवा

बेडरूम १० बाय १० ची, म्हणजे १२० इंच. पलंग एका भिंतीला लावलेला आणि समोरच्या भिंतीला कपाट. सहा फुटी पलंगाची चौकट धरून रुंदी ७५ इंच होते. दाराच्या कपाटाची खोली २४ इंच. उरले २१ इंच. कपाटाचं एक दार १८ ते २० इंचांचं असतं. ते उघडलं की माणूस कुठं उभा राहणार? मग दुकानदार सरकत्या दाराचं कपाट सुचवतो. पण सरकत्या दारांना दोन पट्ट्या एकमेकांमागे लागतात, त्यामुळे कपाटाची खोली २७ इंचांपर्यंत जाते आणि बोळ उरते १८ इंचांची. दार अंगावर येत नाही हे खरं, पण वाकून खालचा कप्पा उघडता येत नाही.

तोच पलंग पाच बाय साडेसहाचा घेतला तर चौकटीसह ६३ इंच, कपाट २४, आणि ३३ इंच मोकळे. दारंही उघडतात, पलंगाखालचा कप्पाही ओढता येतो. दोन माणसांना पाच फूट पुरतात. लहान मूल मध्ये झोपत असेल तर काही वर्षं दाटी होते, तेवढी धरून चला. या घरासाठी आमचा कौल स्पष्ट आहे: पाच फुटी पलंग आणि उघडत्या दारांचं कपाट. सरकतं कपाट फक्त तिथं, जिथं बोळ २४ इंचांपेक्षा जास्त होतच नाही आणि दारासमोर दुसरं काही उघडायचं नाही.

सरकत्या कपाटाचं आणखी एक दुखणं म्हणजे धूळ. खालच्या पट्टीत ती बसते, चाकं घासायला लागतात आणि वर्षभरात दार ढकलावं लागतं. घ्यायचंच असेल तर वजन वरच्या पट्टीवर लटकणारा प्रकार घ्या. त्यात खाली फक्त दिशा धरायला छोटी मार्गिका असते. आणि हे लक्षात ठेवा की अशा कपाटाची एका वेळी अर्धीच बाजू उघडते. साड्या एका बाजूला आणि ब्लाउज दुसऱ्या बाजूला लावले तर रोज दोनदा सरकवासरकव.

हायड्रॉलिक पलंग

गादीसकट वरची फळी उचलून खालच्या पेटीत सामान ठेवायचा हा पलंग. छोट्या घरात सर्वांत जास्त साठा देणारी वस्तू हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिलं आहे. पाच बाय साडेसहाच्या पलंगाची आतली पेटी साधारण ७५ बाय ५७ इंच आणि १० इंच खोल मिळते. म्हणजे जवळपास २५ घनफूट, सातशे लिटर. घरात साठवलेल्या सोलापुरी चादरी, पाहुण्यांच्या गाद्या, हिवाळी कपडे आणि लग्नकार्यातली मोठी भांडी एवढं सगळं त्यात जातं. चादर जाड सुताची असते, घडी केली तरी कपाटाचा एक कप्पा सहा-सातांतच भरतो. पलंगात तिला हक्काची जागा मिळते.

फळी उचलून धरणाऱ्या ज्या नळीला बाजारात 'पंप' म्हणतात तो खरं तर पंप नसतो. त्या नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. त्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. १००० न्यूटन म्हणजे दुकानाच्या भाषेत शंभर किलोचा पंप. कोणता लागेल हे गादीवर आणि वरच्या फळीवर ठरतं. १८ मिलिमीटर प्लायची पूर्ण फळी साधारण ३३ ते ३५ किलो भरते. काथ्याची पाच इंची गादी ३० ते ४० किलोची. दोन्ही मिळून ६५ ते ७५ किलो. बिजागरी डोक्याकडे असल्यामुळे पायाकडून उचलणाऱ्या हाताला त्यातलं निम्मं वजन लागतं. पण पंप बिजागरीच्या अगदी जवळ लावलेला असतो, त्याला तरफेचा फायदा मिळत नाही, म्हणून वजनाच्या कितीतरी पट ताकदीची जोडी घालावी लागते. फोमच्या हलक्या गादीसाठी बसवलेला पंप नंतर जड कापसाच्या गादीला पुरत नाही. गादी कोणती घालणार हे पलंग बांधायला देण्याआधी ठरवा आणि तिचं वजन सुताराला आकड्यात सांगा.

उलटी चूकही होते. पंप जास्त ताकदीचे बसवले तर गादी काढल्यावर रिकामी फळी खाली बसतच नाही. हवामानाचाही फरक पडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की वायूचा दाब साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. हिवाळ्यातली १५ अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार यांत ताकदीचा फरक नऊ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून चाचणी जानेवारीच्या सकाळीही पास होईल इतकी ताकद हवी. गादीसकट फळी अर्ध्यावर नेऊन हात सोडा. ती तिथंच थांबली किंवा सावकाश वर गेली तर ठीक. खाली यायला लागली तर पंप कमी पडतोय, दुकानातच बदलून घ्या.

बिघाड कुठं होतो? पंपात क्वचित, त्याच्या बुडाशी नेहमी. सगळा जोर पेटीच्या बाजूच्या पाटावर दोन लोखंडी पट्ट्यांतून येतो. त्या पट्ट्या पार्टिकल बोर्डात (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) साध्या स्क्रूनं बसवल्या असतील तर दोन-तीन वर्षांत भोकं मोठी होतात, पट्टी हलते, फळी एका बाजूला वाकडी उचलली जाते. पाहणी करताना फळी उचला आणि आत वाकून बघा. पट्टीतून आरपार नट-बोल्ट गेलेला दिसला पाहिजे आणि पाठीमागे वॉशर किंवा लोखंडी पत्रा. फक्त स्क्रूची डोकी दिसली तर तिथेच सांगून बोल्ट घालून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. एक पंप निकामी झाला तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर फळी पिळवटते. नळीवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर टेपनं मोजा आणि पलंग नवा असतानाच दोन्हींचा फोटो काढून ठेवा, पुढं तो छाप पुसला जातो.

उचललेल्या पलंगाच्या पायाशी किमान २४ इंच मोकळे हवेत, नाहीतर तुम्ही पलंग बाजूनं उचलाल आणि बिजागरी वाकेल. घरात लहान मुलं असतील तर उघड्या फळीला टेकू लावण्याची पट्टी बसवून घ्या. तळमजल्यावर, काळ्या मातीच्या पट्ट्यात वाळवीचा त्रास असतो. पेटीचा तळ फरशीला टेकू देऊ नका, खाली तीन-चार इंचांचे पाय ठेवा आणि तळाच्या प्लायला वाळवीविरोधी द्रव दोन्ही बाजूंनी लावून घ्या. धान्य मात्र या पेटीत कधीही नको. दर आठवड्याला लागणाऱ्या वस्तूसाठी गादी उचलणं होत नाही, आणि एकदा किडे झाले की ते कपड्यांत शिरतात.

बाजूला ओढायचे कप्पे असलेला पलंग दिसायला सोयीचा. पण कप्प्याला बाजूला दोन फूट मोकळे लागतात आणि मधला भाग वाया जातो. साठा हायड्रॉलिकच्या निम्म्याच्या आसपास. कंबर किंवा गुडघे दुखणाऱ्यांच्या घरात तरीही हाच घ्यावा.

स्वयंपाकघर: ओट्याखालची ट्रॉली

बिल्डरनं दिलेला ओटा असतो ग्रॅनाइटचा, खाली कडप्प्याच्या उभ्या फरशा. ट्रॉलीवाला येतो, दोन फरशांमधलं अंतर एका ठिकाणी मोजतो आणि ऑर्डर टाकतो. इथंच पहिली चूक. कडप्पा क्वचितच सरळ उभा असतो. वर २१ इंच असलेलं अंतर खाली साडेवीस भरतं. पुढं-मागं, वर-मध्ये-खाली अशी सहा मापं घ्या आणि सर्वांत लहान माप खरं धरा. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे टोपली ज्यावर सरकते त्या पट्टीला, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो. म्हणून साडेवीस इंचांच्या खणात साडेएकोणीसचीच टोपली बसते, एकोणीसची घेतली तर बरं. दुसरी चूक चॅनल थेट कडप्प्याला मारण्याची. दगडात प्लग धरत नाही, भरल्या टोपलीच्या झटक्यानं सुटतो. आत प्लायची किंवा स्टीलची चौकट घालून तिच्यावर चॅनल बसवणं हाच मार्ग. त्यात दोन्ही बाजूंचा मिळून दीड इंच जातो. तो हिशेबात आधीच धरायला सांगा.

टोपल्यांच्या उंच्या ४, ६, ८ इंचांच्या मिळतात. ताटांची टोपली, वाट्यांची, डब्यांची, कप-बशांची असा तयार संच दाखवतात, पण सोलापूरच्या स्वयंपाकघराची भांडी त्यात बसत नाहीत. भाकरीची परात सोळा-अठरा इंचांची, तवा, काठवट, कडक भाकरीचा रुंद डबा. परात आडवी ठेवली तर एक अख्खी टोपली खाते. सिलिंडरच्या शेजारी चार इंचांचा उभा खण सोडा. परात, तवा, पोळपाट आणि ताटल्या त्यात उभ्या राहतात आणि एका हातानं निघतात. सगळ्या स्वयंपाकघरात एवढ्या कमी खर्चात एवढी सोय देणारी दुसरी गोष्ट नाही, आणि सुताराला सांगितल्याशिवाय ती कोणी करत नाही.

टोपलीचं स्टील २०२ आहे की ३०४, हे चुंबकानं कळत नाही. दोन्ही प्रकारांना चुंबक फारसं चिकटत नाही. दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या द्रवाचा थेंब टाकून बघायला सांगा. सिंकखालच्या टोपलीला तरी ३०४ हवंच, कारण बोअरच्या जड पाण्याचे थेंब तिच्यावर वाळतात, पांढरा थर चढतो आणि २०२ ला त्याखाली गंज धरतो. चॅनल किती किलोचा हे विचारा. नेहमीचा टेलिस्कोपिक चॅनल ४५ किलोच्या आसपास झेलतो, पण तो आकडा वजन सारखं पसरलेलं असतानाचा. पंधरा किलोचा तेलाचा डबा टोपलीच्या पुढच्या कडेला ठेवून रोज ओढला तर चॅनलमधल्या पोलादी गोळ्या लवकर घासतात.

कोपऱ्यात गोल फिरणाऱ्या किंवा बाहेर ओढल्या जाणाऱ्या महागड्या जाळ्या सुचवल्या जातात. सात बाय आठच्या स्वयंपाकघरात त्या घेऊ नयेत. यंत्रणेनं जागा खाल्ल्यावर फार थोडं उरतं आणि बिघडली तर सुटा भाग मिळवायला वेळ लागतो. त्या कोपऱ्यात क्वचित लागणारी भांडी साध्या फळीवर ठेवा.

सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा असेल तर तो खण पूर्ण बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळाशी साचतो. दाराला खाली जाळी किंवा भोकं हवीतच. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडीच्या पातळीखाली. शेजारची ट्रॉली मागं सरकताना गॅसच्या नळीला घासत नाही ना, हे ट्रॉली पूर्ण आत ढकलून, वाकून, टॉर्च मारून बघा. हे पाहायला कुणी सांगत नाही आणि यात हयगय नको.

पाणी, कूलर आणि ज्वारी

दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमचा व्यास २३ इंच, उंची ३५ इंच. भरला की दोनशे किलोंच्या वर. असे तीन ड्रम गॅलरीत ओळीनं ठेवले तर सहाशे किलो होतात. गॅलरी बाहेर काढलेल्या स्लॅबवर असेल तर कठड्याकडच्या टोकाला ड्रम ठेवू नका, घराच्या भिंतीला चिकटवा, आणि दोनच ठेवा. बाथरूमवरच्या माळ्यात बसणारी चौकोनी लॉफ्ट टाकी हा त्याहून चांगला पर्याय. फरशी मोकळी राहते आणि नळ चालू राहतो. पण माळ्याचा स्लॅब पातळ असतो. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो, ते पेलेल का हे इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकी चढवू नका. टाकीचं झाकण उघडायला आणि आत हात घालून घासायला वर एक फूट तरी सोडा, नाहीतर ती कधीच धुतली जाणार नाही.

याच कारणानं वॉशिंग मशीनची निवड बदलते. ओट्याखाली बसणारं समोरून उघडणारं मशीन जागा वाचवतं हे खरं. पण बहुतेक मशिनांना नळाचा ठरावीक दाब लागतो, आणि माळ्यावरच्या टाकीचा तो नसतो. गच्चीच्या टाकीवरूनच जोडणी असेल आणि तुमचा मजला वरून दुसरा-तिसरा असेल तर घ्या. नाहीतर वरून उघडणारं, बादलीनं पाणी ओतता येणारं मशीन बरं. त्याच्या झाकणावर दोन फूट मोकळे सोडा आणि तिथं कपाट लटकवू नका.

कूलर मार्चपासून जूनपर्यंत दोन बाय दोन फूट फरशी अडवतो आणि बाकीचे आठ महिने झाकून कोपऱ्यात उभा असतो. खिडकीबाहेर लोखंडी कठड्यावर बसवला तर दोन्ही त्रास संपतात. फर्निचर ठरवतानाच ती खिडकी कूलरसाठी राखून ठेवा. नंतर तिथं कपाट येतं आणि कूलर दारात येतो. एक गोष्ट फारच दुर्लक्षिली जाते: कूलरच्या दमट झोतासमोर एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं) दार आलं की त्याच्या कडा फुगतात, आधी तळाची, मग बिजागरीजवळची. झोताच्या रेषेत प्लाय वापरा किंवा लोखंडी कपाट ठेवा.

ज्वारीचं गणित सोपं आहे. एका क्विंटलला साधारण १३५ लिटर, म्हणजे पावणेपाच घनफूट जागा लागते. मंगळवेढ्याची मालदांडी वर्षभराची भरायची तर दोन-तीन क्विंटल. ती ट्रॉलीत नको, माळ्यावर तर अजिबात नको. हॉलच्या खिडकीखाली १८ इंच उंच, १८ इंच खोल, चार फूट लांब बैठकीची पेटी करून घ्या. बाहेरून ९ घनफूट, आतून सात-साडेसात. त्यात पत्र्याच्या कोठ्या ठेवल्या तर सव्वा क्विंटलच्या आसपास मावते आणि वर दोन माणसं बसतात. झाकण दोन भागांत करा. चार फुटांचं एकच झाकण असलं तर वर बसलेल्या दोघांनाही उठावं लागतं. माणसं बसल्यावर अडीचशे किलोंच्या वर वजन येणार म्हणून तळाला १८ मिलिमीटर प्लाय आणि दर दीड फुटावर पाय. तेवढ्या किमतीत येणाऱ्या सोफ्यापेक्षा ही पेटी कितीतरी कामाची आहे.

माळ्याबद्दल थोडक्यात. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो आणि घरात सर्वांत जास्त उष्णता माळ्यात साचते. शेंगा चटणी, दाण्याचं कूट, तेलाचे डबे, औषधं तिथं ठेवू नका. चटणी महिन्याभरात खवट होते. सुटकेस, पूजेचं साहित्य, रिकामे डबे, एवढंच.

भिंतीत मिटणारा पलंग आणि घडीचं टेबल

हॉलमध्ये भिंतीत मिटणारा पलंग सध्या फार दाखवला जातो. मिटल्यावर १६ ते १८ इंच खोल, उघडल्यावर भिंतीपासून सात फूट पुढं. दहा फुटी हॉलमध्ये तीन फूट उरतात, म्हणजे रोज रात्री टीपॉय आणि खुर्च्या उचलून ठेवायच्या. आडवा उघडणारा एकेरी प्रकार त्यातल्या त्यात बरा, तो चार-साडेचार फुटांत भागतो. खरी अडचण भिंतीची आहे. नव्या इमारतींत आतल्या भिंती चार इंची विटांच्या किंवा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. पलंगाचा सगळा झटका वरच्या बोल्टवर येतो आणि साधा प्लग तिथं टिकत नाही. एएसीसाठी वेगळे अँकर मिळतात, ते दुकानदाराकडे नसतील तर पलंग घेऊ नका. आरसीसीची भिंत किंवा कॉलम सापडला तरच विचार करावा.

वर्षातून काही दिवस, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला किंवा सुट्टीत पाहुणे येतात म्हणून हा खर्च करणं पटत नाही. दोन कापसाच्या गुंडाळता येणाऱ्या गाद्या आणि चार चादरी हायड्रॉलिक पेटीत ठेवल्या की काम होतं. उन्हाळ्यात फरशीवर झोपणं इथं कित्येकांना पलंगापेक्षा आवडतं. ज्या घरात रोज तिसरं माणूस हॉलमध्ये झोपतं, तिथं मात्र आडव्या पलंगाचे पैसे वसूल होतात.

भिंतीला घडी होणारं जेवणाचं टेबल चांगलं आहे. ३६ बाय २४ इंचांची फळी, उंची ३० इंच, खाली घडीचे दोन ब्रॅकेट. ब्रॅकेटची लांबी फळीच्या खोलीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे १६ इंच तरी हवी. बारा इंची ब्रॅकेट स्वस्त म्हणून लावतात आणि पुढच्या कडेला कोपर टेकला की फळी झुकते. ज्या घरात शिलाईचं काम चालतं त्यांनी मशीन या फळीवर ठेवू नये. थरथरीनं आठ-दहा महिन्यांत प्लग ढिले होतात. मशीनला जमिनीवर पाय असलेलंच टेबल द्या.

देवघर भिंतीवर दोन फूट रुंदीचं पुरतं. दिव्याच्या ज्योतीवर १८ इंचांत सनमायका येऊ देऊ नका. वर काळं पडतं आणि त्याचा गोंद सुटतो. तेवढी उंची नसेल तर वरच्या बाजूला स्टीलचा पत्रा किंवा टाइल लावा.

माल आणि बिल

सुतार, कारखान्याचं मॉड्युलर आणि तयार दुकानी माल, या तिघांचे भाव एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण मोजणी वेगळी असते. काही जण दर्शनी भागाच्या चौरस फुटावर भाव सांगतात, काही फक्त मजुरी सांगतात आणि माल तुमचा, काही अख्ख्या वस्तूचा आकडा देतात. तिघांकडूनही एकाच नकाशावर, बिजागऱ्या, चॅनल, हँडल आणि बसवण्यासकट लेखी आकडा मागा. कपाटाच्या मागच्या बाजूला कोणता बोर्ड आहे हे त्यात लिहून घ्या. तिथं ३ मिलिमीटरचा पातळ बोर्ड मारून पैसे वाचवले जातात आणि कपाट डुलायला लागतं. ६ मिलिमीटर प्लाय हवा.

स्वयंपाकघर आणि बाथरूमलगतच्या भागासाठी आयएस ७१० चा (मरीन, म्हणजे पाण्यात सर्वांत टिकणारा) शिक्का असलेला प्लाय, बेडरूममध्ये आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) पुरतो. शिक्का फळीवर बघा, बिलावरचा शब्द पुरेसा नाही. पार्टिकल बोर्ड पूर्ण वाईट नाही. आतल्या आडव्या फळ्यांना चालतो, पण फळी तीन फुटांपेक्षा लांब झाली की मध्ये वाकते, आणि त्याच्या कडेत मारलेला स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही. घर बदलताना सोडून जोडायचं असेल तर तिथं प्लायच हवा. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी चिकटवलेली पाहिजे, मागच्या न दिसणाऱ्या कडेलाही. सोलापुरात फरशी ओल्या फडक्यानं पुसतात, आणि पाणी नेमकं त्याच कडेतून शिरतं.

शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक दार, कप्पा आणि फळी घरातल्या सगळ्या वस्तू जागेवर असताना एकदम उघडून बघा. पलंग वर, कपाटाचं दार उघडं, टेबलाची फळी उघडी, कूलर खिडकीत, बाथरूमचं दार पूर्ण आत. जे एकमेकांना लागतंय ते त्याच दिवशी सुताराच्या हातून दुरुस्त करून घ्या. दाराची बाजू बदलणं, बिजागरी उलटवणं, चॅनल अर्धा इंच सरकवणं ही कामं त्याच्याकडे हत्यारं असताना तासाभरात होतात.